आभासी चलनाची किल्ली : हार्डवेअर वॉलेट सुरक्षितपणे कसे सुरू करावे?



आपल्यातील पुष्कळ कुटुंबे अशी आहेत की, ज्यांच्या घरात शिल्लक नावाची गोष्ट एका पिढीपूर्वी प्रथमच आली. कारखान्यात, रेल्वेत, नगरपालिकेत, शाळेत नोकरी करून वडिलांनी जी पुंजी जमविली ती पोस्टात, बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत राहिली. आता त्यांच्या मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्या मोबाइलवरून बिटकॉइन, इथर अशी आभासी नाणी विकत घेता येतात. ती घ्यावीत की घेऊ नयेत, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर घरखर्च, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठी राखलेला एक रुपयाही त्यात घालू नये. परंतु ज्यांनी घेतली आहेत त्यांची ती निदान चोरीला तरी जाऊ नयेत, एवढ्या मर्यादित हेतूने हा लेख लिहीत आहे. मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने बँकेतील लिपिक. संगणकशास्त्राची पारिभाषिक भाषा मला येत नाही, म्हणून आपल्या रोजच्या व्यवहारातील दाखले घेऊनच विषय मांडतो.

किल्ली आणि खातेवही

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोटो या टोपणनावाने २००८ साली मांडण्यात आली आणि जानेवारी २००९ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. बँकेत खातेवही बँकेच्या ताब्यात असते. येथे खातेवही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी असते आणि ती कोणीही उघडून पाहू शकतो. त्या वहीत माणसांची नावे नसतात, पत्ते असतात. एखाद्या पत्त्यावरील रक्कम दुसरीकडे पाठवायची तर त्या पत्त्याची गुप्त किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे लोखंडाची वस्तू नव्हे, तर एक प्रचंड मोठी संख्या होय.

आमच्याकडे धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहणारा माणूस असतो. त्याला शंका आली तर तो खातेदाराला फोन करतो, प्रसंगी धनादेश परत पाठवितो. येथे ताडून पाहण्याचे काम गणित करते. किल्लीने केलेली सही बरोबर जुळली की रक्कम गेली. ती सही मालकाने केली की चोराने, हे गणिताला कळत नाही. गेलेली रक्कम परत आणणारी शाखा नाही, व्यवस्थापक नाही, लोकपाल नाही. बँकेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण असते, २०२० साली त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. आभासी नाण्यांना असे कोणतेही संरक्षण नाही. (जाता जाता सांगायचे म्हणजे, रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला डिजिटल रुपया ही अगदी निराळी वस्तू आहे. तो रुपयाच आहे. दोहोंची गल्लत करू नये.)

बहुतेक लोक नाणी एखाद्या एक्स्चेंजवर घेतात आणि तेथेच राहू देतात. अशा वेळी किल्ली एक्स्चेंजकडे असते, आपल्या मोबाइलवर दिसतो तो केवळ आकडा. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ साली बुडाले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले, पैकी सुमारे दोन लाख नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळले. आपल्या देशातील वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची चलने चोरीस गेली आणि असंख्य ग्राहकांचे पैसे अनेक महिने अडकून पडले. या तिन्ही ठिकाणच्या सामान्य ग्राहकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. किल्ली त्यांच्याकडे नव्हती, एवढेच.

म्हणून किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचे साधन निघाले, ते म्हणजे हार्डवेअर वॉलेट. प्राग येथे तयार झालेले ट्रेझर २०१४ साली बाजारात आले; फ्रान्समधील लेजर ही कंपनीही त्याच सुमाराची. वस्तू दिसायला पेनड्राइव्हएवढी किंवा थोडी मोठी. तिला छोटा पडदा आणि एक-दोन बटणे असतात, अलीकडच्या नमुन्यांत बोटाने दाबायचा पडदा असतो.

या नावाने बऱ्याच जणांची फसगत होते. वॉलेट म्हणजे पाकीट, तेव्हा नाणी आत ठेवलेली असतील असे वाटते. नाणी आत नसतात. ती त्या सार्वजनिक खातेवहीतच असतात. आत असते ती फक्त किल्ली. असे समजा की, एका बंद खोलीत शिक्का घेऊन एक कारकून बसला आहे. दाराखालून आपण चिठ्ठी आत सरकवतो, तो ती वाचतो, शिक्का मारतो आणि चिठ्ठी बाहेर सरकवतो. शिक्का कधीही खोलीबाहेर येत नाही. आपल्या संगणकात व्हायरस असला तरी तो दाराबाहेर राहतो. हार्डवेअर वॉलेटचे सगळे सामर्थ्य एवढ्यातच आहे, आणि त्याच्या मर्यादाही येथेच आहेत : चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे न वाचता आपण शिक्का मारायला सांगितले, तर तो मारला जाणारच.

ते शब्द म्हणजेच सर्व काही

उपकरण प्रथम सुरू केले की ते स्वतः किल्ली तयार करते आणि ती आपल्याला १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात पडद्यावर दाखविते (काही नव्या नमुन्यांत २० शब्दही असतात). ही पद्धत २०१३ साली ठरविण्यात आली. १२ आणि २४ शब्दांच्या पद्धतीत २०४८ शब्दांची एक ठराविक यादी आहे, तीतूनच हे शब्द निवडले जातात. यादी गुप्त नाही, कोणालाही मिळते. गुप्त असतो तो शब्दांचा क्रम. १२ शब्दांच्या शक्य मांडण्या इतक्या आहेत की ती संख्या लिहायला ३९ अंक लागतात, त्यामुळे अंदाजाने कोणी तेथवर पोहोचत नाही.

उपकरण पाण्यात पडले, हरविले, चोरीला गेले, कंपनी बंद पडली, तरी काही बिघडत नाही. दुसरे उपकरण आणून हेच शब्द त्याच क्रमाने भरले की किल्ली पुन्हा तयार होते. उलटपक्षी, उपकरण आपल्या कपाटात कुलूपबंद असले आणि शब्द परक्याच्या हाती लागले, तर उपकरण हातात धरून आपण रक्कम जाताना पाहत बसू. किंमत उपकरणाला नाही, शब्दांना आहे. हे वाक्य विद्यार्थी मित्रांनी दोनदा वाचावे.

शब्द लिहिताना आपल्या मराठी माणसासाठी एक खास सूचना आहे, जी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. ते देवनागरीत लिहू नका. 'राइट' असे लिहून ठेवले आणि पाच वर्षांनी कागद उघडला, तर तो 'उजवा' या अर्थाचा शब्द की 'लिहिणे' या अर्थाचा, हे कसे कळणार? दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. रोमन लिपीत, सुट्या मोठ्या अक्षरांत, प्रत्येकापुढे क्रमांक घालून लिहावेत. यादी अशी केली आहे की प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे इतर कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत. त्यामुळे त्यापुढची अक्षरे पुसट झाली तरी शब्द ओळखता येतो. तरीही पूर्ण शब्दच लिहावा.

या कागदाचा फोटो काढू नये. झेरॉक्स काढू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवू नये, ई-मेलच्या मसुद्यात ठेवू नये, संगणकावर टंकलिखित करू नये. मोबाइलमधील फोटो आपोआप दूरच्या संगणकावर साठविले जातात, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. मग बंद खोलीतील शिक्का आपण स्वतःच चव्हाट्यावर नेऊन ठेवल्यासारखे होते.

प्रत्यक्ष मांडणी

उपकरण निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्याने जाहीर केलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले, मित्राने दिलेले, जाहिरातीत स्वस्तात मिळालेले घेऊ नये. खोक्यावरचे चकाकते सील शाबूत आहे एवढ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ साली एका बनावट ट्रेझरची तपासणी प्रसिद्ध केली. बाहेरून सर्व काही खऱ्यासारखे होते, सीलही जागच्या जागी होते. आतला मुख्य भाग मात्र बदललेला होता आणि किल्ल्या चोराने आधीच ठरवून ठेवल्या होत्या. ग्राहकाने रक्कम भरली, काही काळाने ती परस्पर गेली.

यावरून एक कसोटी निघते. नवे उपकरण रिकामे असले पाहिजे. त्याला आधीच पिन क्रमांक घातलेला असेल, किंवा खोक्यात शब्द छापलेले वा खरवडून पाहायचे कार्ड आले असेल, तर ते उपकरण बाजूला ठेवावे, त्यात एक रुपयाही भरू नये. शब्द आपल्या डोळ्यांसमोर, उपकरणाच्याच पडद्यावर, प्रथमच जन्माला आले पाहिजेत.

सोबतचे संगणकीय सॉफ्टवेअर घेतानाही तीच दक्षता. शोधयंत्रात नाव टाकून वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नये, कारण तेथे नकली संकेतस्थळे पैसे देऊन वर बसतात. पुस्तिकेतील पत्ता अक्षरनअक्षर स्वतः टाकावा. उपकरण जोडल्यावर ते अस्सल आहे की नाही याची तपासणी हे सॉफ्टवेअर करते आणि उपकरणातील अंतर्गत प्रणाली अद्ययावत करण्यास सांगते, ते करून घ्यावे. सायबर कॅफेतला किंवा कार्यालयातला संगणक यासाठी वापरू नये.

त्यानंतर 'नवे वॉलेट' हा पर्याय निवडावा. पिन क्रमांक ठरवावा. जन्मतारीख, गाडीचा क्रमांक किंवा एटीएमचाच पिन नको. लेजरमध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला की उपकरण स्वतःला पुसून टाकते. ट्रेझरमध्ये दर चुकीमागे थांबण्याचा वेळ वाढत जातो आणि शेवटी तेही पुसले जाते. मग शब्द दिसू लागतात. या वेळी खोलीत एकटे असावे, मोबाइल बाहेर ठेवावा आणि छताला सीसीटीव्ही कॅमेरा नाही ना, हे पाहावे. घाई करू नये. लिहून झाल्यावर उपकरण काही शब्द पुन्हा विचारते, त्यावर थांबू नये, सर्व शब्द पहिल्यापासून पुन्हा ताडून पाहावेत.

आता जी पायरी बहुतेक लोक गाळतात ती सांगतो. वॉलेटवर थोडीशी, गेली तरी चालेल इतकीच रक्कम घ्यावी. मग उपकरण मुद्दाम पूर्ण पुसून टाकावे आणि कागदावरील शब्द भरून ते पुन्हा उभे करावे. तीच रक्कम पुन्हा दिसली, तर कागद बरोबर आहे. शेवटी ती रक्कम परत पाठवूनही पाहावी. या सगळ्याला तासभर लागतो. लॉकर घेतल्यावर किल्ली लावून पाहिल्याशिवाय आपण दागिने ठेवून येत नाही, तसेच हे.

मोठी रक्कम आणताना पत्ता संगणकाच्या पडद्यावर वाचून भागत नाही. काही व्हायरस असे असतात की, आपण एक पत्ता कॉपी करतो आणि चिकटवताना दुसराच उमटतो. म्हणून उपकरणाच्या पडद्यावर दिसणारा पत्ता खरा मानावा आणि तो आरंभीच्या व शेवटच्या चार अक्षरांवर न सोडता पूर्ण ताडावा. कारण टोके सारखी असलेले पत्ते चोर मुद्दाम तयार करतात. रक्कम पाठविताना तर हे दुप्पट महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चलने गेली, तेव्हा सही करणाऱ्या जबाबदार मंडळींच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती. त्यांच्या संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही निराळ्याच मजकुरावर झाली. कोऱ्या धनादेशावर सही करू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. उपकरणाच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते समजत नसेल, तर 'रद्द' हे बटण त्यासाठीच आहे.

शब्दांना जोडून आणखी एक स्वतःचा गुप्त शब्द घालण्याची सोय असते. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. तो शब्द विसरला तर कागद असूनही रक्कम मिळत नाही, आणि विसरणाऱ्यांची संख्या चोरांपेक्षा कमी नसावी.

कागद कोठे ठेवावा?

आपल्याकडचा पावसाळा, ओल आणि वाळवी यांचा विचार पुस्तिका लिहिणाऱ्यांनी केलेला नसतो. शाई फुटते, कागद चिकटतो. शब्द पोलादी पट्टीवर ठोकून किंवा कोरून ठेवण्याची साधने मिळतात. मात्र कोरण्याचे काम भांड्यांवर नावे घालणाऱ्याला देऊ नये, स्वतःच करावे. दोन प्रती, दोन निरनिराळ्या इमारतींत, हे उत्तम. उपकरण आणि शब्द एकाच कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

बँकेच्या लॉकरबद्दल माझ्या पेशामुळे थोडे अधिक सांगतो. लॉकर दागिने आणि कागदपत्रांसाठी असतो, तेव्हा असा कागद तेथे ठेवता येतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. कागदाच्या आधारे दहा लाखांची नाणी होती असे सांगून ते दहा लाख मिळणार नाहीत. सबब लॉकर ही एक प्रत ठेवण्याची जागा समजावी, एकमेव प्रत तेथे नसावी.

फोन, पत्र आणि 'मदत'

लेजर कंपनीकडील ग्राहकांची माहिती २०२० साली चोरीस गेली. दोन लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक उघड झाले. उपकरणांतील किल्ल्यांना धक्का लागला नव्हता, तरी चोरांना कोणाच्या घरी काय आहे याची यादीच मिळाली. पुढच्या वर्षी काही ग्राहकांच्या घरी टपालाने चक्क 'बदली' उपकरणे आली, सोबत कंपनीच्या नावाचे पत्र. ती बनावट होती आणि त्यांत शब्द भरायला सांगितले होते.

म्हणून लक्षात ठेवावे : हे शब्द फक्त उपकरणात भरायचे असतात, तेही ते नवे किंवा पुसलेले असताना आणि आपण स्वतः ठरवून. कंपनी शब्द विचारीत नाही. पोलीस, आयकर खाते, रिझर्व्ह बँक यांच्या नावाने फोन करून शब्द मागणारा माणूस भामटाच असतो, तो कितीही गोड किंवा दरडावून बोलो. आणि आपल्याकडे असे उपकरण आहे, हे लग्नकार्यात, नाक्यावर सांगत सुटू नये.

उपकरण चोरापासून वाचविते, आपल्या लोभापासून नाही. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविण्यात आले होते. तिच्या सूत्रधाराला २०१८ साली पुणे पोलिसांनी अटक केली. त्या योजनेत लोकांनी आपली नाणी आपल्याच हातांनी दिली होती. याच प्रकरणाला पुढे एक विलक्षण फाटा फुटला. तपासात मदतीस घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोप असा की, आरोपींच्या वॉलेटमधील चलने त्यांनी परस्पर वळविली.

वारसाचे काय?

बँकेत वारसनोंद असते. खातेदार गेला तर पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन येते, अर्ज भरते, रक्कम मिळते. वॉलेटला वारसनोंद नाही. पती गेला आणि शब्द कोठे आहेत हे त्याने सांगितले नसेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा आणला तरी ती रक्कम हलत नाही, खातेवहीत कायम दिसत राहते एवढेच. वेल्समधील न्यूपोर्ट शहरात एका माणसाची हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. कचराडेपो खणू द्यावा म्हणून तो कोर्टापर्यंत गेला, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला.

तेव्हा घरातील एका विश्वासू माणसाला, बहुधा पत्नीला किंवा पतीला, हे दोन गोष्टींत सांगून ठेवावे : अशी मालमत्ता आहे, आणि कागद अमुक ठिकाणी आहे. शब्द सांगण्याची गरज नाही. इच्छापत्रात मालमत्तेचा उल्लेख करावा, पण शब्द त्यात कदापि लिहू नयेत. इच्छापत्र अनेकांच्या हातांतून जाते. पाकिटात साध्या मराठीत एक चिठ्ठी असावी : उपकरण कोणत्या कंपनीचे, कोणती नाणी, कोणत्या एक्स्चेंजवरून घेतली, आणि कोणत्याही अनोळखी 'तज्ज्ञा'ला हा कागद दाखवू नये.

त्याच पाकिटात खरेदीच्या पावत्यांच्या प्रती ठेवाव्यात. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी १ टक्का करकपात सुरू झाली. वारसाने दहा वर्षांनी नाणी विकली, तर मूळ खरेदी किती रुपयांची होती हे त्याला दाखवावे लागेल. एक्स्चेंज तोवर चालू असेलच असे नाही, म्हणून पावत्या खरेदीच्या दिवशीच छापून घ्याव्यात.